पुसेगावची यात्रा, जनावरांचा बाजार आणि कृषी प्रदर्शन: घरच्यांना घेऊन जाताना पडणारे प्रश्न

पोराबाळांना, आजी-आजोबांना घेऊन पुसेगावला जायचं ठरलं की दरवर्षी तेच प्रश्न निघतात. त्यांची उत्तरं खाली आहेत. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच हिशेब आहे: सकाळ जनावरांची, दुपार मंडपांची, संध्याकाळ पाळण्यांची. हा क्रम उलटा केला की आधी पाळण्यात पैसे संपतात, मग पोरं दमतात आणि बाजारात पोचेपर्यंत अर्ध्या दावणी रिकाम्या झालेल्या असतात.

यात्रा नेमकी कधी असते? दरवर्षी तारीख का बदलते?

पुसेगाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, येरळा नदीकाठी आहे. पुसेगावचे संत सेवागिरी महाराज यांच्या पुण्यतिथीची ही यात्रा मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात भरते आणि रथ अमावास्येच्या सुमारास निघतो. तिथी ठरलेली असल्याने इंग्रजी तारीख डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कुठेही पडते. २०२३ साली अधिक श्रावण आला, त्यामुळे मार्गशीर्ष अमावास्या थेट ११ जानेवारी २०२४ ला गेली. पुढची मात्र ३० डिसेंबर २०२४ लाच आली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने पुन्हा जानेवारी गाठावा लागेल. ‘गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत होती’ एवढ्यावर रजा टाकू नका. आधी दिनदर्शिका बघा, मग त्या वर्षीची यात्रेची पत्रिका बघा. प्रदर्शन, निवड (म्हणजे पंच उत्तम जनावरं निवडतात ती स्पर्धा), शर्यती आणि कुस्त्यांचे दिवस पत्रिकेतच कळतात.

रथाच्या दिवशी जावं का?

रथ पाहायचाच असेल तर जा. भाविक रथाला नोटांच्या माळा वाहतात आणि रथ पुढे सरकतो तसतसा तो नोटांनी झाकला जातो. ते दृश्य दुसरीकडे सहसा दिसत नाही. पण पाच वर्षांखालचं मूल किंवा गुडघे धरलेली आजी सोबत असेल तर तो दिवस टाळा. गर्दीत मूल कडेवर घ्यावं लागतं, गाडी लांब लावावी लागते आणि जनावरांचा बाजार निवांतपणे बघता येत नाही.

जनावरांसाठी जायचं तर पहिला आणि शेवटचा दिवसही नको. लांबची जनावरं यायला, दावणी लागायला एक-दोन दिवस जातात आणि सौदे उरकले की माणसं परतीला लागतात. मधल्या दिवसांतला, त्यातही निवडीच्या आदल्या दिवशीचा सकाळचा बाजार सगळ्यात भरलेला असतो. त्या दिवशी मालक जनावरं धुऊन, शिंगं साळून, गोंडे-घुंगरमाळा घालून तयारीत असतात आणि बोलायलाही मोकळे असतात. निवडीच्या दिवशी त्यांचं लक्ष पंचांकडे असतं.

जायचं कसं, आणि गाडी कुठे लावायची?

साताऱ्याहून कोरेगाव, वर्धनगडाचा घाट आणि पुसेगाव, हा सरळ रस्ता साधारण पस्तीस ते चाळीस किलोमीटरचा आहे. सातारा-पंढरपूर मार्गावर असल्याने एसटी मिळते. रेल्वेने यायचं तर पुणे-मिरज मार्गावर कोरेगाव स्टेशनला उतरून पुढे बस किंवा वडाप, म्हणजे माणसं भरून जाणारी खासगी गाडी.

वाहनतळ म्हणजे बहुधा कापणी झालेलं रान. तिथे दोन गोष्टी सांभाळा. गाडीचं तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा. संध्याकाळी सगळे एकदम निघतात आणि मागे घ्यायला जागा उरत नाही. आणि सरीच्या मऊ मातीत चाक घालू नका. शेजारच्या रानाला पाणी सुटलं तर ओल इकडे येते आणि सकाळी कोरडी असलेली जागा अंधारात फसवते. गाडी लावल्यावर विजेचा खांब, टाकी, झाड अशी एक खूण मागे ठेवून फोटो काढा. रात्री सगळी रानं सारखीच दिसतात.

दिवस कसा आखावा?

साडेसात-आठला बाजारात पोचा. या वेळी वैरण-पाणी चाललेलं असतं, ऊन कोवळं असतं, धूळ उडायला लागलेली नसते. दोन तास तिथे पुरतात. दहाच्या सुमारास दर्शन आणि नाश्ता. साडेअकरा ते दोन कृषी प्रदर्शन, कारण मंडपात सावली असते आणि स्टॉलवरची माहितगार माणसं याच वेळी हमखास जागेवर सापडतात. सकाळी ती अजून मांडणी करत असतात आणि चारनंतर उद्घाटनं, सत्कार, भाषणं सुरू होतात. मग जेवण आणि तासभर विश्रांती. हा तास वाचवू नका, लहान मुलांचा पुढचा सगळा दिवस त्यावर चालतो. चारनंतर खरेदी आणि पाळणे. दिवे लागले की तासाभरात निघा.

सोबत काय न्यावं?

थंडी आणि ऊन दोन्हींची तयारी हवी. खटाव-माणच्या माळावर डिसेंबरात पहाटे चांगलाच गारठा असतो आणि दुपारी उन्हाचा चटका बसतो. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक घाला. पायात बंद बूट हवेत. चपलेत शेण, खुंट्या आणि जनावराचा खूर, तिन्हींचा त्रास. धुळीसाठी तोंडाला रुमाल, दम्याच्या माणसाचा पंप, साबणाचा तुकडा, जुना टॉवेल, माणशी एक लिटर पाणी. सुटे पैसे भरपूर ठेवा. क्यूआर कोड सगळीकडे चिकटवलेले दिसतात, पण गर्दीत नेटवर्क बसलं की भेळवाल्यापुढे फोन हलवत उभं राहावं लागतं.

मुलांना जनावरांच्या किती जवळ नेता येतं?

मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा पहिला नियम. ‘मालक, जवळ येऊ का?’ एवढं म्हटलं तरी पुरतं. ते स्वतःच कासरा आखडून धरतात आणि बैल कसा आहे तेही सांगतात. खिल्लार, म्हणजे या भागातली गाय-बैलांची जात, मुळातच तापट आणि सावध जनावर आहे. दावणीला शांत दिसलं तरी नव्या माणसाला बुजतं.

जनावराच्या मागून जाऊ नका. दोन दावणींच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने तर मुळीच नको, तिथे दोन्हीकडचे मागचे पाय तुमच्याकडेच असतात. समोरूनही नको. बाजूने, खांद्याच्या रेषेत, बोलत बोलत जा, म्हणजे जनावराला तुम्ही दिसता आणि ऐकू येता. आधी मान किंवा खांद्यावर हात ठेवा. तोंड, शिंगं आणि वशिंड मुलांनी धरायचं नाही. वासरू पाजणाऱ्या गाईपासून लांबच राहा, ती कितीही गरीब असली तरी.

लाल कपड्यांची भीती बाळगू नका, बैलाला लाल रंग वेगळा कळत नाही. खरा धोका फुग्याचा आहे. यात्रेत शिरताच मूल फुगा मागतं, तो बाजारात शिंगाला किंवा कडब्याच्या धसाला लागून फुटतो आणि चार दावणी एकदम उसळतात. पिपाणीचंही तेच. फुगा आणि पिपाणी संध्याकाळी.

जनावराला हात लावून झाला की काही खाण्याआधी साबणाने हात धुवा, नुसतं पाणी पुरत नाही. वासरांच्या अंगावर गोल, केस गेलेले, राखाडी चट्टे दिसले तर तिथे हात नको, ते गजकर्ण असतं आणि माणसाला लागतं. कुणी आग्रहाने धारोष्ण दूध दिलं तर आदराने नाही म्हणा. गुरांच्या सांसर्गिक गर्भपाताचे (ब्रुसेलोसिसचे) जंतू कच्च्या दुधातून माणसात येतात.

खिल्लार ओळखायचा कसा? सगळे पांढरे बैल सारखेच दिसतात.

आधी डोक्याकडे बघा. खिल्लारचं डोकं लांबट, निमुळतं असतं आणि कपाळाच्या मधून वरून खाली एक उथळ खोबण जाते. सकाळच्या तिरप्या उन्हात ती स्वच्छ दिसते. शिंगं मुळाशी एकमेकांना अगदी लागून निघतात, मागे जातात आणि मग धनुष्यासारखा बाक घेऊन वर वळतात. टोकं सुईसारखी. कान लहान, टोकदार. गळ्याखालची पोळी इतर देशी जातींपेक्षा कमी लोंबते, कातडी अंगाला घट्ट, खूर काळे, शेपटीचा गोंडा काळा. सगळा बांधा लांब आणि आवळ, पळण्यासाठी घडवल्यासारखा. माण, खटाव, आटपाडी, सांगोला हा त्याचा मुलूख. कमी पाऊस, कडबा आणि कडक रान यांत टिकणारं हे जनावर. दुधाला मात्र बेताचं, म्हणून ‘ही गाय दूध किती देते?’ हा प्रश्न खिल्लारच्या मालकाला फारसा रुचत नाही.

म्हसवड, आटपाडी अशी गावांवरून पडलेली नावं ऐकू येतील, तशीच काजळी, कोसा अशी रंगावरूनही. निवड करणारे पंच उभं जनावर बघतात, मग चालवून बघतात. चालताना पाठ सरळ राहते का, मागचे खूर एकमेकांना घासतात का, हे तुम्हीही बघू शकता. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवर आणि गोमेवर, म्हणजे केसांच्या उलट्या रेघेवर, मात्र बाजारात तासभर वाद चालतो. अमुक जागचा भोवरा घर बुडवतो, तमुक जागची गोम लक्ष्मी आणते. त्याचा जनावराच्या ताकदीशी संबंध नाही, पण किमतीशी आहे. वाईट भोवऱ्याचा चांगला बैल स्वस्तात मिळतो.

दात बघून वय कसं कळतं?

गुरांना पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. वासराचे दुधाचे दात बारीक असतात. ते पडून रुंद, कायमचे दात मधून बाहेरच्या दिशेने जोडीजोडीने येतात. एकही कायमचा दात नसेल तर ‘आदत’. पहिली जोडी आली की ‘दुसा’, साधारण दोन ते अडीच वर्षांचा. चार आले की ‘चौसा’, तीनच्या पुढे. सहा आले की चारच्या आसपास आणि आठही आले की ‘जुळला’, म्हणजे पाचाच्या घरात. शर्यतींचे गटही याच नावांनी लागतात. जुळल्यानंतर वय झिजेवरून काढतात आणि तिथे अनुभव लागतो. मुलांना दाखवायचं तर मालकालाच तोंड उघडून दाखवायला सांगा. नवख्याने जबड्यात बोटं घालू नयेत.

दोन माणसं रुमालाखाली हात धरून काय करतात?

सौदा. घेणारा आणि हेडा, म्हणजे जनावरांचा दलाल, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. किती बोटं धरली आणि कशी, यावर शेकडा, हजार ठरतात. बाजूला उभ्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला भाव कळू नये म्हणून हा खटाटोप. चेहऱ्यावर काही दिसत नाही, हात झटकला की समजायचं आकडा पटला नाही. बघा जरूर, पण अगदी जवळ जाऊन मोबाइल रोखू नका. सौदा मोडला तर खापर तुमच्यावर फुटतं.

खिल्लारशिवाय काय दिसतं?

पंढरपुरी म्हैस ओळखायला सगळ्यात सोपी: तलवारीसारखी लांब शिंगं खांद्याच्याही मागे जातात. माडग्याळ मेंढी जत तालुक्यातली, उंच, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके आणि नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. उस्मानाबादी शेळी बहुतेक काळी, लांब कानांची. मराठवाड्यातली जनावरं आली असतील तर देवणी शोधा. तिच्यात तीन प्रकार आहेत: तोंडाची बाजू काळी तो वानेरा, पोटाखालच्या भागात काळे ठिपके तो बालंक्या आणि अंगभर वेडेवाकडे काळे डाग तो शेवरा. मुलांना तीन चित्रं काढून दिली आणि ‘शोधा’ म्हटलं की तासभर निघून जातो.

घरासाठी एखादी दुभती गाय घ्यावी असं वाटलं तर?

यात्रेच्या उत्साहात घेऊ नका. एका धारेवर तर नाहीच. बाजारात आणताना आदल्या वेळची धार काढत नाहीत, दूध तुंबवतात. कास भरगच्च दिसते आणि धारही मोठी निघते. ओळीने तीन धारा समोर काढून बघा, पहिली सोडून द्या, पुढच्या दोन मोजा. चारही सडांतून धार सारखी येते का, हे स्वतः पिळून बघा. सुरुवातीच्या चार पिचकाऱ्या काळ्या कापडावर घ्या. गुठळ्या दिसल्या तर दगडी, म्हणजे कासदाह आहे. कास दूध काढल्यावर मऊ पडायला हवी. तशीच टणक राहिली तर ते मांस आहे.

कानात १२ अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला आहे का, तो क्रमांक पावतीवर तोच आहे का, लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची लस कधी दिली, हे बघा. बिल्ला नसलेलं जनावर स्वस्त मिळालं तरी पुढे विकताना, विमा काढताना अडतं. विसार देण्याआधी बाजाराची रीतसर पावती आणि वाहतुकीसाठी पशुवैद्यकाचा दाखला मिळणार का, ते विचारून घ्या.

बैलगाडा शर्यत मुलांनी बघावी का? ती कायदेशीर आहे का?

२०१४ च्या बंदीनंतर डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता जिल्हा प्रशासनाची परवानगी आणि अटी पाळून शर्यती होतात. बैलाला काठी, टोचणी लावायला मनाई आहे.

बघायची तर लाकडी अडसर किंवा जाळीच्या मागून, घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, मधल्या भागात. शेवटच्या निशाणाजवळ उभं राहायचा मोह सगळ्यांना होतो आणि सगळ्यात वाईट जागा तीच. गाडा तिथे थांबत नाही, बैल वेगातच पुढे जातात, कधी बाजूला फुटतात, आणि नेमकी त्याच वेळी गर्दी आत घुसते. खांद्यावर मूल घेऊन तिथे जाऊ नका.

आमची शेती नाही. कृषी प्रदर्शनात आम्हाला काय मिळणार?

भाजीपाल्याचे नमुने मांडलेला मंडप आधी बघा. शेतकऱ्यांनी आणलेले भोपळे, सुरण, आल्याचे गड्डे, उसाचे मोळे, ज्वारीची कणसं क्रमांक लावून ठेवलेली असतात. मुलांना ज्वारी, बाजरी, गहू, हरभरा यांची रोपं आणि कणसं ओळखायला लावा. शहरातल्या मुलांचं सोडा, मोठ्यांचीही फजिती होते. बचत गटांच्या स्टॉलवर पापड-लोणच्यांपलीकडे बघा: हातसडीचा तांदूळ, नाचणीचं सत्त्व, जवसाची चटणी. पॅकेटवर अन्न परवाना क्रमांक आणि तयार केल्याची तारीख असेल तरच घ्या.

यंत्रांच्या मंडपात मुलांचा हात सोडू नका. ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा दांडा उघडा असेल आणि इंजिन चालू असेल तर ओढणी, पदर, स्वेटरची नाडी क्षणात ओढली जाते. प्रात्यक्षिक चालू असताना किमान दहा पावलं लांब. ड्रोन फवारणी दाखवत असतील तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा. टाकीत पाणीच आहे ना, हे विचारायला लाजू नका.

शेतीतला प्रश्न घेऊन गेलो तर तिथे उत्तर मिळतं का?

मिळतं, पण नमुना नेला तर. ‘डाळिंबाला डाग पडलेत’ एवढ्यावर कुणी काही सांगू शकत नाही. रोगट भाग आणि त्याला लागून असलेला निरोगी भाग, दोन्ही असलेली फांदी सकाळी तोडा आणि वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, घाम सुटून दुपारपर्यंत ती सडते आणि मूळ रोग ओळखू येत नाही. झाड वाळत असेल तर मुळंही हवीत. बागेचा लांबून एक, झाडाचा एक आणि पानाचा जवळून एक फोटो, आणि गेल्या महिन्यात फवारलेल्या औषधांची यादी.

माती द्यायची तर शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचे वीतभर खड्डे घ्या, प्रत्येक खड्ड्याच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा थर कापा. सगळं एकत्र कालवून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, पुन्हा तसंच, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. बांध, झाडाखालची जागा, उकिरड्याजवळची माती आणि नुकतं खत टाकलेली जागा वगळा. खताच्या रिकाम्या गोणीत माती भरली तर अहवाल त्या गोणीचा येतो.

प्रदर्शनात यंत्रावर ‘अनुदान मिळवून देतो’ म्हणतात. खरं का?

अनुदान दुकानदार देत नाही. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर तुम्ही अर्ज करायचा, निवड झाली की पूर्वसंमती येते आणि त्यानंतर खरेदी करायची. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असेल तर अनुदान जातं. स्टॉलवर विसार देऊन लगेच बिल फाडून घेणारे इथेच फसतात. प्रदर्शनात यंत्र चालवून बघा, सुटे भाग तालुक्याला मिळतात का विचारा, दरपत्रक घ्या आणि घरी या. शेतकरी ओळख क्रमांक काढलेला नसेल तर आधी ते काम.

बियाणं, औषधं, रोपं घ्यावीत का?

बियाणं घ्याल तर पिशवीवरची चिठ्ठी वाचा. निळी म्हणजे प्रमाणित, पांढरी पायाभूत, हिरवी म्हणजे उत्पादकाने स्वतः खात्री दिलेलं सत्यप्रत. उगवण टक्केवारी आणि वैधतेची तारीख बघा, बिल घ्या. सुट्या पुडीतलं ‘चमत्कारी’ बियाणं नको.

कीटकनाशक यात्रेत घेऊच नका. डब्यावरचा त्रिकोण विषारीपणा सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. तो डबा खाऊच्या पिशवीत, मुलांच्या मांडीवर ठेवून घरी न्यायचा, यातच सगळं आलं.

आंबा, पेरू, सीताफळाची कलमं मिळतात. कलमाचा सांधा भरलेला आणि सरळ हवा, बांधलेली पट्टी सालीत रुतलेली नको. पिशवी हलकेच दाबा. माती डळमळली तर रोप नुकतंच उपटून भरलंय. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आलेलं असेल तर तेही नको. डिसेंबरात घेतलेलं कलम माळरानात लगेच लावलं तर पुढचा उन्हाळा त्याला झेपत नाही. पाण्याची सोय नसेल तर सावलीत सांभाळा आणि पावसाळ्यात लावा.

यात्रेतून घरी आणण्यासारखं काय असतं?

घोंगडी, खुरपं आणि घेवडा.

घोंगडी खरी लोकरीची आहे का, हे दशीतला एक धागा जाळून कळतं. लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो, धागा स्वतःहून विझतो आणि राख चिमटीत चुरते. कृत्रिम धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. नवी घोंगडी ताठ आणि किंचित आंबूस वासाची असते, कारण विणताना चिंचोक्याची खळ देतात. तो दोष नाही. उलट पहिल्या दिवसापासून मऊ लुसलुशीत असलेली घोंगडी संशयास्पद. घरी आणून दोन दिवस उन्हात टाका, झटका. गरम पाणी दाखवू नका, आटते.

खुरप्याच्या पात्यावर टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर लोखंड चांगलं, थड आवाज आला तर पत्रा. मुठीला लोखंडी शेंबी आहे का आणि पातं मुठीत खोल गेलंय का, ते ओढून बघा. गाडीच्या पाट्याचं, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाचं, खुरपं महाग असतं, पण धार धरतं.

घेवडा म्हणजे कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा. फिकट दाण्यावर लालसर पट्टे असतात आणि त्याला भौगोलिक मानांकन आहे. खरिपाचं पीक असल्याने या दिवसांत नवा माल असतो. मूठभर घेऊन उलटा-पालटा करा, भोकं किंवा पीठ दिसलं तर सोडून द्या.

खायचं काय, टाळायचं काय?

डोळ्यांसमोर तळून उतरवलेलं खा: भजी, जिलेबी. भेळ-भत्ता, चिरमुरे, फुटाणे, गोडीशेव, रेवड्या या कोरड्या गोष्टी निर्धास्त. उसाचा रस बर्फाशिवाय मागा, पोट बिघडतं ते बहुधा बर्फाने. चिरलेली फळं, गार पडलेली मिसळ, रंगीत गोळा नको. हुरडा दिसला तर थांबा. कणीस तिथल्या तिथे भाजून, चोळून देत असतील तरच गोड लागतो, सकाळी काढून ठेवलेला चिवट होतो.

आकाशपाळण्यात बसवावं का?

बसण्याआधी एक पूर्ण फेरी खाली उभं राहून बघा. पाळणा थांबताना हिसका देतो का, पाळण्याच्या दांडीला खिळ आहे की नुसती दोरी, खालच्या चौकटीखाली लाकडी ठोकळे पक्के बसलेत का. चालवणारा माणूस प्रत्येक पाळण्याची दांडी हाताने ओढून बघत असेल तर बसा, बघत नसेल तर नको. वजन तोलण्यासाठी समोरासमोरचे पाळणे भरायला हवेत, एकाच बाजूला माणसं बसवत असेल तर उतरा. लांब केस बांधा, ओढणी खोचा.

मूल हरवलं तर?

जायच्या आधी मुलाच्या खिशात दोन फोन नंबर लिहिलेला कागद ठेवा, एक सोबतच्या माणसाचा, एक घरी असलेल्याचा. फोनवर विसंबू नका, गर्दीत लागत नाही. मुलाला सांगा: हरवलास तर चालायचं नाही, जिथे आहेस तिथेच, जवळच्या दुकानाला टेकून उभं राहायचं आणि दुकानवाल्या काकूंना किंवा पोलिसाला सांगायचं. मोठ्यांपैकी एकाने आलेल्या वाटेने उलटं जायचं, दुसऱ्याने ध्वनिक्षेपकाच्या मंडपात. पुकारताना मुलाचं घरातलं लाडाचं नाव आणि कपड्यांचा रंग सांगा. लहान मुलं स्वतःचं कागदावरचं नाव ऐकून दचकतही नाहीत.

वयस्कर माणसांचं आणि बायकांचं स्वच्छतागृहाचं कसं?

तात्पुरती सोय असते, पण दुपारनंतर तिची अवस्था बघवत नाही. साताऱ्यात, कोरेगावात किंवा वाटेतल्या पेट्रोल पंपावर आधीच उरकून घ्या. ही अडचण टाळायला बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. त्यापेक्षा दुपारी तासभर गाडीने गावाबाहेर जाऊन येणं बरं. आजोबांसाठी घडीचं स्टूल न्या. ढेकळांच्या रानात चाकाची खुर्ची चालत नाही.

घरचं कुत्रं नेलं तर चालेल?

नाही.

पुसेगाव लांब पडतं. दुसरीकडे कुठे?

कराडला यशवंतराव चव्हाणांच्या पुण्यतिथीच्या सुमारास, नोव्हेंबरच्या अखेरीस, बाजार समितीच्या आवारात कृषी प्रदर्शन भरतं. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात जानेवारीत होणारं प्रदर्शन उभ्या पिकांच्या प्रात्यक्षिकांसाठी बघावं. तिथे मंडपापेक्षा शेतात जास्त चालावं लागतं. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा मार्गशीर्षातच, घोडे, गाढवं, उंट सगळं एका ठिकाणी. घोडेच बघायचे तर दत्तजयंतीला तापीकाठचं सारंगखेडा. सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा आणि अकोल्यात कृषी विद्यापीठात पंजाबराव देशमुखांच्या जयंतीच्या, म्हणजे २७ डिसेंबरच्या सुमारास प्रदर्शन. दिवसाचा क्रम सगळीकडे हाच ठेवा.

परत आल्यावर काही काळजी घ्यायची का?

घरी गुरं असतील तर हो. लाळ्या-खुरकूत बुटांच्या तळव्याला लागलेल्या शेणातून आणि कपड्यांवरून गोठ्यात येतो. बूट दाराबाहेर काढा, आधी ब्रशने शेण खरवडा, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, लिटरला ४० ग्रॅम, बुडवून काढा. शेण तसंच ठेवून नुसतं पाणी ओतलं तर उपयोग नाही. कपडे बदलून, हात-पाय धुऊनच धारेला बसा. यात्रेतून नवीन जनावर आणलं असेल तर ते तीन आठवडे वेगळं बांधा, त्याची बादली वेगळी, दावं वेगळं, आणि वैरण-पाणी आधी घरच्या जनावरांचं, मग त्याचं.